कुलूप विरोधकाच्या तोंडाला, किल्ली सरकारच्या खिशात

द्वेषाचा धंदा मांडून बसलेल्या वृत्तवाहिन्यांना टाळे ठोका, विखारी प्रचार करणाऱ्यांची समाजमाध्यमांवरील खाती कायमची बंद करा, इतिहासाचा विपर्यास करणाऱ्या चित्रपटांवर बंदी घाला, अशा मागण्या अलीकडे पुरोगामी म्हणविणाऱ्या वर्तुळांतूनही ऐकू येऊ लागल्या आहेत. निवेदने निघतात, ठराव होतात, टाळ्या पडतात. त्यामागचा संताप खोटा नाही. एका धर्माच्या नागरिकांना रोज रात्री नऊ वाजता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे सूत्रसंचालक पाहून ज्याचे रक्त तापत नाही, त्याने समाजवादाचे नावही घेऊ नये. परंतु संताप म्हणजे धोरण नव्हे. "बंदी घाला" असे जेव्हा एखादा कार्यकर्ता ओरडतो, तेव्हा तो कोणाला उद्देशून ओरडत असतो, हा प्रश्न त्याने स्वतःला एकदा विचारलाच पाहिजे. उत्तर एकच आहे: सरकारला. म्हणजे ज्या सत्तेवर या वाहिन्या पोसल्या जात आहेत, त्याच सत्तेच्या हाती आणखी एक कात्री द्या, अशी ही विनवणी आहे. ती कात्री प्रथम कोणाची जीभ छाटील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास ते सांगतो.

एकाच दिवशीचे दोन निकाल

२६ मे १९५० हा दिवस समाजवादी कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राज्यघटना अमलात येऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रस्वातंत्र्याचे दोन खटले निकालात काढले. पहिला होता मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाचा. त्याचे संपादक रोमेश थापर. मद्रास सरकारने या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात प्रवेशबंदी केली होती. दुसरा खटला होता दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'चा, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारांच्या साप्ताहिकाचा. जातीय स्वरूपाचा आणि पाकिस्तानविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी तपासून घ्यावा, असा हुकूम दिल्लीच्या चीफ कमिशनरने त्यास बजावला होता. एक पत्र तांबडे, दुसरे भगवे. एकमेकांचे तोंडही पाहू न इच्छिणारी ही दोन पत्रे एकाच दिवशी, एकाच तत्त्वाच्या बळावर मोकळी झाली. सार्वजनिक सुरक्षिततेचे नुसते नाव घेऊन सरकारला लेखणीवर पहारा बसविता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

या निकालांची झोंबणी दिल्लीस असह्य झाली. नेहरू सरकारने १९५१ च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती संमत करून घेतली आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'गुन्ह्यास चिथावणी' आणि परराष्ट्रांशी मित्रत्वाचे संबंध ही निर्बंधाची नवी कारणे एकोणिसाव्या कलमात घातली. न्यायालयांनी निर्बंध पारखून घ्यावेत म्हणून 'वाजवी' हा शब्दही त्यात आला, हे खरे. पण दार किलकिले झाले ते झालेच. या दुरुस्तीला संसदेत कडाडून विरोध करणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते, ज्यांनी त्याच वर्षी पुढे जनसंघ स्थापन केला. त्यांचे वारस आज दिल्लीत राज्य करीत आहेत आणि मुखर्जींनी ज्या निर्बंधांना विरोध केला, त्याच निर्बंधांच्या आधारे विरोधकांची तोंडे बंद करीत आहेत. काँग्रेसने घडविलेली कात्री काँग्रेसच्या हाती राहिली नाही. आज जो समाजवादी नवी कात्री मागतो, तीही त्याच्या हाती राहणार नाही. किंबहुना ती त्याच्या हाती कधी यायचीच नाही.

लोहियांनी मिळवून दिलेली कसोटी

मग मर्यादा मुळीच नको काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समाजवादी चळवळीनेच या देशाला मिळवून दिले आहे. १९५४ साली उत्तर प्रदेश सरकारने कालव्याच्या पाण्याची पट्टी वाढविली. डॉ. राममनोहर लोहियांनी फरुखाबादेत भाषणे करून शेतकऱ्यांना सांगितले की, ही वाढीव पट्टी भरू नका. सरकारने १९३२ चा, इंग्रजांनी कायदेभंगाच्या चळवळीविरुद्ध केलेला कायदा धुंडाळून काढला आणि त्यान्वये लोहियांना अटक केली. सरकारी देणे बुडविण्याची चिथावणी देणे हा त्या कायद्याने गुन्हा होता. सरकारचा युक्तिवाद असा की, आज एकाने पट्टी नाकारली, तर उद्या सारे नाकारतील आणि परवा अराजक माजेल.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी १९६० मध्ये सरकार हरले. न्यायालयाने सांगितले की, भाषण आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग यांत जवळचे, प्रत्यक्ष नाते असले पाहिजे. कल्पनेच्या धाग्याने दूरवर जोडलेले नाते चालणार नाही. या कसोटीचे मोल फार मोठे आहे. मशिदीसमोर जमलेल्या जमावाला "पेटवा" असे सांगणारा आणि एखाद्या धर्मग्रंथावर कठोर टीका करणारा, या दोघांतील सीमारेषा तीच दाखविते. पहिल्याच्या शब्दापासून आगीपर्यंतचे अंतर एका काडीचे असते. दुसऱ्याच्या लेखाने कोणाच्या भावना दुखावल्या, तर त्याला उत्तर देण्यास लेखणी आहे. लोहियांचा वारसा सांगणाऱ्याने भावना दुखावल्याच्या नावाखाली बंदी मागणे म्हणजे लोहियांनी मिळविलेला खटला स्वतःहून हरणे होय.

महाराष्ट्रात हे घडले नाही असे नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे निमित्त करून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, पोथ्या-ग्रंथांची नासधूस झाली. तत्कालीन काँग्रेस-राष्ट्रवादी काँग्रेसच्या सरकारने हल्लेखोरांच्या बरोबरीने पुस्तकालाही आरोपी केले आणि त्यावर बंदी घातली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती उठविली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुस्तकातील मजकूर गैर असेल, त्याचे खंडन करण्यास महाराष्ट्रात इतिहासकारांची वाण नाही. पण दगडाला बंदीचे बक्षीस मिळते, हा धडा एकदा रस्त्याने गिरविला की तो पुसता येत नाही. मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील विनोदी गाण्यापायी मुंबईत खार येथील एका कार्यक्रमस्थळाची मोडतोड झाली, ती हाच धडा गिरवीत.

याच न्यायाने एक कडू घोटही समाजवाद्यांनी घेतला पाहिजे. गांधीजींच्या खुन्याची कैफियत रंगभूमीवर मांडणाऱ्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकावर १९९८ साली बंदी आली आणि २००१ मध्ये उच्च न्यायालयाने ती उठविली. ज्याच्या घरात सेवादलाचे संस्कार झाले, त्याला ते नाटक विषासमान वाटणार, यात नवल नाही. पण बंदीच्या त्या तीन वर्षांनी गांधी-विचाराचे एक पाऊल तरी पुढे पडले काय? उलट, सत्य दडपले जात आहे असा कांगावा करण्याची संधी त्या नाटकाला फुकट मिळाली. ज्या वर्षांत गावोगाव जाऊन गांधीहत्येमागचे राजकारण सांगायला हवे होते, त्या वर्षांत अनेकांनी सरकारी अधिसूचनेवर भरवसा ठेवला आणि ते स्वस्थ बसले. बंदी विरोधकाला गप्प करीत नाही. ती बंदी मागणाऱ्यालाच आळशी करते.

मसानींचे ऋण

आणीबाणीच्या आठवणी समाजवादी कार्यकर्त्यांना सांगाव्या लागत नाहीत. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली, दुसऱ्या दिवशी प्रसिद्धिपूर्व तपासणी लागू झाली. पुढे वृत्तपत्र परिषद बरखास्त झाली, चार वृत्तसंस्था एका 'समाचार'मध्ये कोंबल्या गेल्या आणि संसदेचे कामकाज छापण्याला संरक्षण देणारा, फिरोझ गांधींच्या पुढाकाराने १९५६ साली झालेला कायदाही रद्द करण्यात आला. मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे तुरुंगात गेले. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा आवाज उठविला, त्याचे मोल त्यांनी पुढे अटकेने चुकते केले.

हे सारे पाठ आहे. परंतु त्या काळातील एक गोष्ट समाजवादी व्यासपीठावरून क्वचितच सांगितली जाते. मुंबईत तपासनिसाने 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील मजकूर छापण्यास मनाई केली, तेव्हा त्याचे संपादक मिनू मसानी उच्च न्यायालयात गेले. हे तेच मसानी, जे १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते आणि पुढे समाजवादाकडे पाठ फिरवून राजाजींच्या स्वतंत्र पक्षात अग्रभागी राहिले. राष्ट्रीयीकरणाचा त्यांच्याइतका हट्टी विरोधक विरळा. अशा माणसाने १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयातून निकाल मिळविला की, तपासनिसाला आपली राजकीय मते लेखकावर लादता येणार नाहीत. सरकारवर टीका करणे हा आणीबाणीतही गुन्हा नव्हे. त्या निकालाचा आधार फक्त भांडवलवाद्यांना मिळाला नाही. महाराष्ट्रात ज्या ज्या छोट्या पत्राच्या मानेवर तपासनिसाचा हात होता, त्या प्रत्येकाला त्याने श्वास दिला, आणि त्यांत समाजवादी पत्रेही होती.

समजा, १९७४ साली समाजवाद्यांच्या हाती सत्ता असती आणि मसानींसारख्या 'भांडवलदारांच्या हस्तकां'ची मासिके बंद करण्याचा कायदा त्यांनी केला असता, तर १९७६ साली त्यांच्यासाठी न्यायालयात कोण उभे राहिले असते? विरोधकाचे स्वातंत्र्य राखणे हा उदारपणाचा शौक नव्हे. वाईट दिवसांसाठी केलेली ती बेगमी आहे.

कात्री आता दिसतही नाही

आणीबाणीतला तपासनीस निदान दिसत तरी होता. त्याचा शिक्का असे, सही असे, कोऱ्या सोडलेल्या जागेवरून वाचकाला कळे की, येथे काहीतरी कापले गेले आहे. २८ जून १९७५ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ती कोरी जागाच देशाला बोलून गेली. आजच्या कात्रीची करामत अशी की, तिने कापलेल्या ठिकाणी कोरी जागाही उरत नाही.

डिसेंबर २००८ मध्ये फारशी चर्चा न होता संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती केली. त्यातून ६६अ हे कलम आले. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी एक तरुणी आणि त्यांना पसंती देणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली, तेव्हा हे प्रकरण साऱ्या देशाला कळले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम रद्द केले आणि सर्वत्र आनंद व्यक्त झाला. पण त्याच निकालाने त्याच कायद्यातील ६९अ कलम आणि त्याखालील २००९ चे नियम कायम ठेवले. या नियमांनुसार केंद्र सरकार कोणताही मजकूर किंवा खाते देशात दिसेनासे करण्याचा हुकूम कंपन्यांना देऊ शकते आणि सोळाव्या नियमानुसार हा व्यवहार गुप्त ठेवायचा असतो. ज्याचे तोंड बंद केले, त्याला हुकुमाची प्रतही मिळेलच असे नाही.

या गुप्ततेचे फळ शेतकऱ्यांनी चाखले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवर शेतकरी थंडीत बसले असताना, सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने सुमारे अडीचशे खाती व मजकूर रोखून धरले. त्यांत 'किसान एकता मोर्चा'चे खाते होते, 'कॅराव्हान' मासिकाचेही होते. जानेवारी २०२३ मध्ये २००२ च्या गुजरातसंबंधीचा बीबीसीचा माहितीपट आणीबाणीचे अधिकार वापरून असाच दिसेनासा करण्यात आला. ट्विटरने अशा हुकुमांना आव्हान दिले, तेव्हा ३० जून २०२३ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने याचिका तर फेटाळलीच, वर ५० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये केंद्रीय गृहखात्याने 'सहयोग' नावाचे दालन उघडले. त्यातून पोलिसांपासून निरनिराळ्या खात्यांपर्यंतचे अधिकारी मजकूर काढण्याच्या सूचना थेट कंपन्यांना धाडू लागले. त्यालाही दिलेले आव्हान सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने फेटाळले.

यातली खरी मेख वेगळीच आहे. जुन्या काळी बंदीचा हुकूम संपादकाच्या हाती पडे. टिळकांना १८९७ साली अठरा महिन्यांची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः लिहिणारा उभा होता. दुसऱ्या शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस यंत्रे थांबविली, कारण कोणाला आणि कशासाठी गप्प केले, हे त्यांना लख्ख दिसत होते. आता हुकूम पडतो तो परदेशी कंपनीच्या कायदा विभागाच्या टेबलावर. त्या कंपनीला इथल्या शेतकऱ्याच्या म्हणण्याशी काय देणेघेणे? तिला बाजारपेठ हवी आहे. संपादक तत्त्वासाठी तुरुंगात जातो. कंपनी फार तर एकदा न्यायालयात जाते, दंड भरते आणि पुढच्या हुकुमाला मान तुकविते. सरकारने बंदी घातली नाही, संपादकाने मजकूर मागे घेतला नाही, तरी आवाज नाहीसा झाला. गिरण्या बंद पाडायच्या तर कोणत्या दारापुढे?

आणि जेथे एकेक आवाज बंद करणे जड जाते, तेथे साऱ्या प्रदेशाचेच तोंड बांधले जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचे दूरध्वनी आणि इंटरनेट तोडले गेले. 'काश्मीर टाइम्स'च्या अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असता कामा नयेत. तरी वेगवान इंटरनेट तेथे परत आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये.

मालकाची कात्री

येथवर वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल की, सरकारचे ठीक आहे, पण वृत्तपत्रे आणि वाहिन्या ज्यांच्या मालकीच्या आहेत त्या धनिकांचे काय? त्यांच्या स्वातंत्र्यासाठी समाजवाद्यांनी का लढावे? या आक्षेपात सत्य आहे. २०१४ साली 'नेटवर्क १८' रिलायन्सच्या ताब्यात गेले, २०२२ च्या डिसेंबरात 'एनडीटीव्ही' अदानी समूहाच्या. ज्यांचे बंदर, वीज आणि खाणींचे व्यवहार सरकारच्या परवान्यांवर चालतात, त्यांनी चालविलेले वृत्तकक्ष सरकारला कोणता प्रश्न विचारणार? तेथे तपासनीस लागत नाही. मालकाची भुवई पुरते.

मालकाच्या कात्रीचा जुना दाखला महाराष्ट्रातच आहे आणि तो सोयीचा नाही. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, 'केसरी'ने छापली नाही. राजद्रोहाच्या शिक्षा सोसलेल्या पत्राने अस्पृश्यांच्या पत्राला चार ओळींची जागा नाकारली. लेखणीचा गळा सरकारच आवळते असे नाही, जात आणि तिजोरीही आवळतात, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला मुद्रणस्वातंत्र्याचा अर्धाच अर्थ समजला आहे.

यावर कायद्याचा उपाय करण्याचा यत्न झालाही. आचार्य नरेंद्र देव ज्याचे सदस्य होते, त्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात बड्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेपासून छोट्यांना वाचविण्यासाठी पानांच्या संख्येवर किंमत ठरविण्याची शिफारस केली. तसा कायदा १९५६ मध्ये झाला. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याला आव्हान दिले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. हेतू चांगला असला, तरी वृत्तपत्राची पाने आणि खप ठरविण्याचा अधिकार सरकारला देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्या निकालाने समाजवादी हळहळले. पण जो अधिकार १९५६ साली छोट्यांच्या कल्याणासाठी मागितला होता, तोच १९७५ साली विद्याचरण शुक्लांच्या माहिती खात्याच्या हाती असता, तर त्यांनी तो कोणासाठी वापरला असता, याचा विचार केला म्हणजे हळहळ कमी होते.

धनिकांच्या मक्तेदारीवर उपाय आहे, तो मक्तेदारी मोडणारा कायदा. बंदर आणि वृत्तवाहिनी एका हाती असू नये, सरकारी जाहिरातींचा पैसा कोणाला किती गेला ते प्रसिद्ध व्हावे, पत्रकारांना संघटना करण्याचा आणि वेतनाचा हक्क असावा, ही मागणी समाजवाद्यांची असली पाहिजे. मालकी किती असावी, हे कायद्याने ठरवावे. मजकूर कोणता असावा, हे कायद्याने ठरवू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की, मालकावर उगारलेला दंडुका पत्रकाराच्या डोक्यात बसतो.

मग द्वेषाचे काय?

बंदीवाद्यांचा शेवटचा आणि सर्वांत वजनदार मुद्दा जर्मनीचा असतो. नाझींना बोलू दिले म्हणून ते सत्तेवर आले, असे सांगितले जाते. इतिहास असे सांगत नाही. बव्हेरियात १९२५ पासून १९२७ पर्यंत आणि प्रशियात १९२८ पर्यंत हिटलरला जाहीर भाषणास बंदी होती. गोबेल्सच्या 'देर अँग्रिफ' या पत्रावर अनेकदा बंदी आली. बंद्यांनी नाझी थांबले नाहीत, कारण बेकारी, उपासमार आणि कामगार चळवळीतील दुही यांवर बंदीचा हुकूम चालत नव्हता. उलट, हुकुमाने राज्य करण्याची सवय त्या प्रजासत्ताकाला लागली आणि २८ फेब्रुवारी १९३३ रोजी राइशस्टागच्या आगीनंतर त्याच सवयीचा हुकूम निघाला. त्याने मुद्रणस्वातंत्र्य स्थगित केले आणि त्याचे पहिले घाव कम्युनिस्टांच्या व समाजवाद्यांच्या वृत्तपत्रांवर पडले.

दुसरे उदाहरण रवांडाचे देतात. १९९४ साली तेथील एका नभोवाणी केंद्राने तुत्सींच्या कत्तलीची उघड चिथावणी दिली. ते बोल म्हणजे मत नव्हते, खुनाच्या यंत्राचा तो एक भाग होता. ते चालविणारे पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडून दोषी ठरले, हे योग्यच झाले. पण ते केंद्र सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतले होते, हे विसरून चालणार नाही. रवांडात तपासनीस नेमला असता, तर तो कोणाचा माणूस असता?

भारतात आज दुखणे नेमके हेच आहे. समाजात वैर पेरणाऱ्यास शिक्षा देणारे कलम येथे इंग्रजांच्या काळापासून आहे. आता ते भारतीय न्याय संहितेत १९६ या क्रमांकाने नांदते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले की, द्वेषपूर्ण भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवा. कायदा आहे, तो वापरण्याची इच्छा नाही. उलट, जुन्या राजद्रोहाच्या कलमाला न्यायालयाने मे २०२२ मध्ये लगाम घातला, तर जुलै २०२४ पासून त्याची जागा १५२ कलमाने अधिक मोघम शब्दांत घेतली. ज्या राज्ययंत्रणेला व्यासपीठावरून हत्येची भाषा ऐकू येत नाही, पण विनोदातला राजद्रोह मात्र ऐकू येतो, तिच्या हाती नवे कलम दिल्याने तिचा कान सुधारणार आहे काय?

आणि या महाराष्ट्राने शेवटचा तपासनीसही पाहिला आहे. तो पिस्तूल घेऊन येतो. 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पडले, कॉ. गोविंद पानसरे फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात. दाभोलकर खटल्यात गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडला. या दोघांनी आयुष्यभर प्रतिपक्षाशी वाद घातला, सभा घेतल्या, पुस्तके लिहिली. प्रतिपक्षाच्या लेखणीवर नव्हे, त्याच्या युक्तिवादावर त्यांचा हल्ला असे. त्यांचे नाव घेऊन बंदीची मागणी करणे म्हणजे त्यांच्या कार्यपद्धतीचा पराभव मान्य करणे होय.

कार्यकर्त्यांचे काम

यातून निघणारे काम नुसत्या ठरावांपेक्षा कठीण आहे. पहिले असे की, पक्षाच्या कोणत्याही शाखेने यापुढे पुस्तक, नाटक, चित्रपट किंवा वाहिनी यांवर बंदीची मागणी करू नये. हिंसेची प्रत्यक्ष चिथावणी दिसली, तर माणसाविरुद्ध नावानिशी फिर्याद द्यावी, उघड न्यायालयात, पुराव्यासह. फिर्याद नोंदविली नाही, तर पोलीस ठाण्यासमोर बसावे. दुसरे असे की, सोळाव्या नियमाखालची गुप्तता जावी, प्रत्येक हुकूम कारणांसह प्रसिद्ध व्हावा आणि ज्याचे तोंड बंद केले त्याचे म्हणणे ऐकले जावे, यासाठी आंदोलन उभारावे. असे लढे जिंकता येतात. खऱ्या-खोट्याचा निवाडा सरकारनेच करावा, असे सांगणारा केंद्राचा २०२३ चा नियम कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. सुरक्षेचे कारण बंद लिफाफ्यात सांगून 'मीडिया वन' या मलयाळम वाहिनीचा परवाना अडविणाऱ्या सरकारला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये माघार घ्यायला लावली.

तिसरे काम सर्वांत जड आहे. ज्याचा विचार तिरस्करणीय वाटतो, त्याचाही आवाज सरकारने गुप्त हुकुमाने बंद केला, तर समाजवादी कार्यकर्त्याने निषेधाच्या पत्रकावर सही केली पाहिजे. ती करताना हात थरथरेल. मसानींच्या निकालाचा आधार घेणाऱ्या समाजवादी संपादकांचेही मन क्षणभर कचरले असेल. पण १९५० साली 'क्रॉस रोड्स' सुटले ते 'ऑर्गनायझर'सकट सुटले, हे ज्याला समजले, तो सही करील. राहिले उत्तर देण्याचे काम. ते छोट्या साप्ताहिकांनी, भित्तिपत्रकांनी, कोपरासभांनी, गावच्या पारावरच्या वादांनी आजवर केले आहे आणि पुढेही त्यांनाच करावे लागेल. वाहिनीवरच्या खोट्याला टाळे नको, तिच्या प्रेक्षकाच्या दारापर्यंत चालत जाणारा कार्यकर्ता हवा. तो जर आज घरी बसून बंदीच्या निवेदनावर सह्या गोळा करीत असेल, तर उद्या त्याचे स्वतःचे साप्ताहिक दिसेनासे होईल आणि ते का दिसेनासे झाले, हे सांगणारी कोरी जागासुद्धा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही.